जुलेखाचे पाईप आणि लिंबागणेशचा मोर

बीडमध्ये आरी वर्क, म्हणजे आकड्याच्या सुईनं ब्लाऊजवर भरतकाम, करणाऱ्या बाया आता गल्लोगल्ली झाल्या आहेत. मोबाईलवर चार व्हिडिओ बघायचे, बाजारातून एक रिंग आणायची, की लागली दारात पाटी. पण आपल्या नक्ष्यांचा अख्खा संग्रह शेतातल्या पाण्याच्या पाईपात भरून, एस.टी.च्या लाईनीप्रमाणे भिंतीला लावून ठेवणारी बाई जिल्ह्यात एकच, आणि तिचं नाव जुलेखा. यावर कुणी हसलं तर हसू द्यावं. जुलेखा स्वतःसुद्धा हसायची, आणि हसता हसता बरोबर हवा तो पाईप उपसून काढायची.

पाईप आले नवऱ्याकडून. हैदरचं मोटारी दुरुस्त करायचं दुकान. बोअरच्या मोटारी त्याच्याकडे येतात, त्यांच्यासोबत तुटक्या पाईपांचे तुकडेही येतात. जुलेखाला खाके ठेवायला जागा नव्हती. खाका म्हणजे नक्षीचा ट्रेसिंग पेपर. त्यावर चित्र काढायचं, रेघेरेघेनं सुईनं बारीक भोकं पाडायची, मग कागद कापडावर ठेवून थिनरमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा वरून फिरवायचा. भोकांतून निळीचे ठिपके कापडावर उतरतात आणि त्या ठिपक्यांवरून आरी चालते. एक खाका नीट जपला तर शंभर ब्लाऊज काढतो. घडी पडली की मोराची मान मोडते. म्हणून गुंडाळी करायची आणि गुंडाळी ठेवायला पाईप. हैदरनं हातभर लांबीचे तुकडे कापून दिले, लोखंडी घोडी वेल्डिंग करून दिली, आणि वर म्हणाला, "घरात पाणी न्हाई, पर पाईप बघ किती!"

त्रेसष्ट पाईप आणि सव्वाचारशे खाके. प्रत्येक पाईपाच्या टोपणावर मार्करनं गावाचं नाव. सगळ्यात वरच्या रांगेत नेकनूर लाईन, तिच्याखाली तेलगाव लाईन, त्याखाली लिंबागणेशकडची गावं. मोर कुठे, कमळ कुठे, याची तिला पर्वा नव्हती. तिचा हिशेब वेगळा होता. लग्नाला माणसं येतात ती लाईनीनं येतात. तेलगाव लाईनीतलं लग्न असलं की जेवायला तेलगाव लाईनच बसते. म्हणून एका लाईनीत एक नक्षी गेली की तीन वर्षं त्या लाईनीत पुन्हा द्यायची नाही. दुसऱ्या लाईनीत खुशाल द्या, कोण बघतंय! आणि सोयरीक लाईन ओलांडून झालेली असली तर? त्यासाठी जुलेखा गिऱ्हाईकाला माप घ्यायच्या आधीच विचारायची, "पोरगी कुठली? दिली कुठं?" बायकांना वाटायचं, बाई भारी चौकस आहे. पंचवीस वर्षांत तिच्या हातची एक नक्षी एका मांडवात दोनदा दिसली नव्हती, ती या चौकसपणामुळे.

हत्यारांचं म्हणाल तर एक जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, डबा. त्यात तीन आऱ्या, चोचीसारखी बारीक कात्री, जुन्या पेनात बसवलेली भोकं पाडायची सुई, आणि जरीचा दोरा गुंडाळायला हैदरच्या दुकानातली तांब्याच्या तारेची रिकामी रिळं. तीन आऱ्यांतल्या मधल्या आरीचं नाव बेगम. बाभळीची मूठ, जुलेखाच्या अंगठ्यानं इतकी घासलेली की दुसऱ्या कुणाचा अंगठा तिथे बसायलाच तयार नसे. "माझी बेगम दिवसभर त्या बेगमचं ऐकती," असं हैदर गिऱ्हाईकांना सांगायचा. बेगमला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा घरातला कायदा होता.

गेल्या वर्षी जुलेखाच्या मुलाची, इरशादची, बायको म्हणून शाईस्ता या घरात आली. परभणीची पोरगी, लग्नाआधी तीन वर्षं औषधाच्या दुकानात कामाला. तिथे चिठ्ठी दिसली की चार सेकंदांत गोळी हातात, अशी तिची ख्याती. आरी शिकायला ती सासूजवळ बसली आणि तिचा हातही चांगला पडायला लागला. फक्त ते पाईप बघितले की ती कपाळाला हात लावायची. "अम्मी, मोर पाह्यजे असला तर?" "मग आठवायचं, कोण्या गावाला दिलता." "अन् आठवलं न्हाई तर?" जुलेखा यावर नुसती हसायची. कारण तिला आठवायचंच.

फेब्रुवारीत जुलेखानं केसरबाईंचा ब्लाऊज पुरा केला. केसरबाई लिंबागणेशच्या. नवरा पंचायत समितीत, दाराशी दोन गाड्या, आणि धाकट्या आरोहीचं लग्न. थोरलीच्या लग्नात त्यांच्यासारखाच ब्लाऊज भाड्यानं आणून त्यांची भावजय आली होती. ते त्या आजवर विसरल्या नव्हत्या. "जुलेखा, यंदा माझ्या पाठीवरचा मोर साऱ्या मांडवात एकच पाह्यजे," माप द्यायला आल्या तेव्हाच त्या म्हणाल्या होत्या. जुलेखा जरा फुशारकीत होती. "आक्का, तुमच्या मांडवात दुसरा दिसला तर मी आरी खाली ठेवीन, कायमची!" मोर होताही तसाच. डाळिंबी कापडावर, मान ताठ, उजवीकडे बघणारा, चोचीत वेलीचं टोक. पण त्या दिवशी जुलेखाचा चौकसपणा फुशारकीत बुडाला, आणि पोरगी दिली कुठे ते विचारायचं राहिलं. पंचवीस वर्षांत एकदाच राहिलं.

ब्लाऊज पोचता झाला आणि दुसऱ्या दिवशी जुलेखा अंबाजोगाईला बहिणीच्या डोळ्याच्या ऑपरेशनला गेली. मोराच्या खाक्यावरची नीळ तिनं जाता जाता पुसली होती, म्हणून तो खिडकीत वाळत टाकला होता. शाईस्तानं सासूला बसस्टँडवर सोडलं, घरी येऊन ओढणी कमरेला खोचली आणि कामाला लागली.

दहा दिवसांनी, शनिवारी दुपारी, जुलेखा परत आली. दारातच शाईस्तानं तिचे डोळे झाकले, भिंतीपाशी नेलं आणि हात काढले.

पाईप तेच. टोपणं थिनरनं पुसून लख्ख केलेली. त्यांवर रंगीत चिठ्ठ्या: मोर, कमळ, कुयरी, हत्ती, वेल, जाळी, घुंगरू. मोराच्या हिरव्या चिठ्ठ्या, कमळाच्या गुलाबी. तेलगाव गेलं, नेकनूर गेलं, लिंबागणेश गेलं; अख्खा बीड जिल्हा दहा दिवसांत पुसून निघाला होता. जुलेखा खुर्चीवर बसली. मग उठली. मग पुन्हा बसली.

"कसं वाटलं?" शाईस्ताचा चेहरा दिवाळीच्या दुकानासारखा उजळला होता. "आता कोन्ती बी नक्षी चार सेकंदात! अन् अम्मी, अजून एक हाय. तुमी नव्हत्या तवा मी एक ब्लाऊज केला. एकटीनं. छापला मी, भरला मी, दिला बी मी!"

आता या पोरीवर ओरडावं तरी कसं? जुलेखानं दीर्घ श्वास घेतला आणि मोबाईल हातात घेतला. फोटोत जांभळं कापड होतं, आणि कापडावर मोर होता. तोच मोर. त्याच चोचीत तेच वेलीचं टोक.

"कोनाला दिला?"

"तेलगावच्या साखराबाई. लई घाईत व्हत्या. म्हणल्या मोर पाह्यजे, मी हिरव्या चिठ्ठीत हात घातला, वरच निघाला. लाईन तर येगळीच हाय. उद्या पोराचं लगीन हाय त्यांच्या."

"अन् पोरगी कुठली?"

"ते मी कशापायी इचारू? औषधाच्या दुकानात कोनी इचारतं का, गोळी कोनासाठी?" शाईस्तानं मोबाईलवर पत्रिका उघडली. साखराबाईंनी आग्रहानं पाठवली होती. "हे बघा. चिरंजीव योगेश, तेलगाव. अन् चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी आरोही..."

"लिंबागणेश," जुलेखानं वाक्य पुरं केलं.

दोघी विहिणींच्या पाठीवर एकच मोर! भावजय परवडली असती. विहिणींमध्ये तर वाटीभर साखरही तोलून दिली-घेतली जाते. लग्न उद्या दुपारी बारा पस्तीसला, नेकनूर रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात, आणि जुलेखाची आरी कायमची खाली. शाईस्ताला सगळा प्रकार कळला तेव्हा ती आधी पांढरी पडली, मग रडली, मग नाक पुसून म्हणाली, "अम्मी, माझा मोर उसवा. माझाच. तुमचा शब्द ऱ्हायला पाह्यजे."

ही वाट होती खरी. आरीचा टाका साखळीचा. उलट्या बाजूची शेवटची गाठ कापून दोरा ओढला की अख्खी साखळी भर्रकन सुटत येते. सहा दिवसांचं काम सहा मिनिटांत रिकामं. मोर गेला तरी काठाची वेल राहिली असती, आणि वेलीवर कसंबसं निभावलं असतं.

रविवारी सकाळी सासू-सून डबा घेऊन हैदरच्या टमटममध्ये बसल्या. मागे एक जळकी मोटार, पुढे दोन पाईप, मध्ये या दोघी. हैदरला सगळी हकीकत कळली होती आणि तो नेकनूर रस्ताभर हसत होता. "आरी कायमची खाली ठेवली तर मला जेवन येळेवर मिळंल," तो म्हणाला. जुलेखानं त्याच्या पाठीत डबा हाणला.

वरपक्षाच्या खोलीत एकच गोंधळ होता. साखराबाई उंच, धिप्पाड, अजून घरच्याच साडीत, पिनांच्या शोधात. ब्लाऊज खुंटीवर. शाईस्ताला बघताच त्यांनी तिला जवळ ओढलं. "हीच ती पोरगी! पोरी, तेलगावात साऱ्यांनी हात लावून बघितला गं मोर. म्या कुनाला धुवायला बी देनार न्हाई."

"हूक बघते जरा," जुलेखानं ब्लाऊज घेतला आणि खिडकीकडे पाठ करून बसली. अस्तराची खालची शिवण मोकळी केली. डब्यातून कात्री काढली. मोर उलट्या बाजूनं तिच्यासमोर होता, आणि उलट्या बाजूनं तो हुबेहूब तिच्याच मोरासारखा दिसत होता. गाठ सापडली. कात्रीची चोच गाठीखाली गेली.

आणि तिथेच थांबली. आरीवाली बाई काम बघते ते उलट्या बाजूनं. सुलट बाजू कुणालाही जमते. मागे बघावं, किती गाठी, किती लोंबते दोरे, किती ठिकाणी हात अडखळला. जुलेखाच्या स्वतःच्या पहिल्या ब्लाऊजची मागची बाजू म्हणजे बाभळीचं बन होतं, तिच्या उस्तादांनी तो ब्लाऊज गल्लीभर दाखवला होता. आणि ही पोरगी! सहा दिवसांत, एकटीनं, एकही दोरा लोंबत नव्हता. मानेच्या वळणावर टाके आपोआप बारीक झाले होते. हे जुलेखानं तिला शिकवलं नव्हतं, शिकवता येतही नाही. तिला इतका आनंद झाला की तिचा तिलाच राग आला.

कात्री डब्यात गेली. चार टाके घालून तिनं अस्तर पुन्हा बंद केलं.

"अम्मी?" शाईस्ता कुजबुजली.

"हे मला उसववत न्हाई. उसवायचा तर माझा शब्द उसवू दे."

मग उरली एकच आशा, पदराची. दोघी बाया जुन्या वळणाच्या. चारचौघांत डोक्यावरून पदर घेतला की पाठ झाकली, पाठ झाकली की मोर झाकला. अक्षता पडेपर्यंत सगळं ठीक चाललं. केसरबाईंच्या डोक्यावर पदर, साखराबाईंच्या डोक्यावर पदर. जुलेखा तिसऱ्या रांगेत मनातल्या मनात पदराला दुवा देत होती.

पण पाठीवर एवढा खर्चाचा मोर बसवल्यावर कोणती बाई तो झाकून घरी नेईल? माईकवाला ओरडला, "आता दोन्हीकडच्या मातोश्री वधूवरांना औक्षण करतील!" आणि तीस वर्षं डोक्यावरून न हटलेला पदर केसरबाईंनी झर्रकन खांद्यावर घेऊन पिन लावली. साखराबाई तरी मागे का राहतील? त्यांनीही लावली. दोघींनी ताटं उचलली, मंडपाकडे पाठ केली आणि नवरा-नवरीसमोर उभ्या राहिल्या. डावीकडे नवरा, त्याच्यासमोर त्याची आई. उजवीकडे नवरी, तिच्यासमोर तिची आई. कॅमेरावाल्यानं मागून जवळचा शॉट घेतला आणि स्टेजच्या बाजूच्या मोठ्या पडद्यावर दोन मोर उमटले, एकेक म्हशीएवढा.

मांडवातून "अगंऽऽ" असा आवाज उठला.

मोर सारखेच होते. पण त्याहून वाईट म्हणजे ते दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले होते! साखराबाईंचा डावीकडे तोंड करून, केसरबाईंचा उजवीकडे. शेपट्यांना शेपट्या भिडलेल्या. विहिणींचं लग्नातच वाजलं आहे आणि त्यांनी ते पाठीवर भरून आणलं आहे, असं वाटावं. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

जुलेखा मात्र पडद्याकडे बघत उभी राहिली. तिचा मोर उजवीकडे बघतो. मग साखराबाईंचा डावीकडे कसा? काल फोटो बघताना धसक्यात हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. खाक्याला दोन बाजू असतात. सुई आत जाते ती बोटाला गुळगुळीत लागते, बाहेर निघते ती खरबरीत. जुलेखा गुळगुळीत बाजू वर ठेवून छापते. शाईस्तानं आपल्या नव्या शिस्तीत सगळ्या गुंडाळ्या उलट्या केल्या होत्या आणि मोर खरबरीत बाजूनं छापला होता. म्हणजे हा दुसरा मोर नव्हताच. हा त्याच मोराचा जोडीदार होता, आणि चुकीच्या जागी बसला होता!

तिसऱ्या रांगेतून स्टेजपर्यंत जुलेखा कशी पोचली ते तिला आजही सांगता येत नाही. एक फेटा पडला, एका मुलाच्या हातातलं आईस्क्रीम गेलं, एका आजोबांच्या पायावर तिचा पाय पडला. स्टेजच्या कडेला धरून ती ओरडली, "आक्का! आपल्या लेकराला तर जनमभर ओवाळलं! आज जावयाला ओवाळा, अन् विहीनबाईला सुनेला ओवाळू द्या!"

केसरबाईंनी मान वळवली. त्यांना पडदाही दिसला आणि जुलेखाही दिसली. त्यांची नजर अशी होती की एखादी असती तर तिथूनच घरी पळाली असती. पण माईकवाल्याच्या कानावर वाक्य पडलं होतं, आणि माईकवाल्याला असं वाक्य म्हणजे फुकटची मेजवानी. "वा! काय सुंदर विचार! सासूबाई ओवाळतील सुनेला, सासूबाई ओवाळतील जावयाला! टाळ्याऽऽ!"

आता शंभर फेटेवाल्यांपुढे नाही कोण म्हणणार? दोघींनी ताटं सांभाळत जागा बदलल्या. केसरबाई जावयासमोर, साखराबाई सुनेसमोर. आणि पडद्यावर दोन्ही मोर समोरासमोर आले. चोचीजवळ चोच. एकाच्या चोचीतून निघालेल्या वेलीचं टोक दुसऱ्याच्या चोचीतल्या टोकाला जाऊन भिडलं. डाळिंबी आणि जांभळं, दोन पाठी मिळून एक नक्षी.

मांडवात टाळ्या पडल्या, मग शिट्ट्या. वाजंत्रीवाल्यांना काही कळलं नाही, पण त्यांनीही एकदा वाजवून घेतलं. आरोही हसत होती आणि रडत होती. साखराबाईंनी तिला ओवाळलं आणि ताटाखालून हळूच तिची हनुवटी धरली.

केसरबाई स्टेजवरून उतरल्या त्या थेट जुलेखाकडे. जुलेखानं मान खाली घातली. "आक्का, मी शब्द दिलता. दुसरा मोर दिसला तर आरी ठेवीन म्हणलतं."

"दुसरा कुठं हाय?" केसरबाई म्हणाल्या. "ही तर जोडी हाय. एकटा मोर काय करायचाय मला पाठीवर घिऊन?" मग आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "खरं सांग. ठरवून केलंस, का चुकून झालं?"

जुलेखानं शाईस्ताकडे बोट दाखवलं. "माझ्या सुनेनं केलं," ती म्हणाली. ठरवून की चुकून, ते तिनं सांगितलं नाही, आणि केसरबाईंनीही पुन्हा विचारलं नाही.

तरी शब्द तो शब्द. सोमवारचा अख्खा दिवस जुलेखानं आरीला हात लावला नाही. बेगम डब्यातून काढून तिनं शाईस्ताच्या हातात दिली आणि स्वतः पाय पसरून चहा पीत बसली. हैदरनं दुकानातून दोनदा येऊन हा चमत्कार बघितला. शाईस्ताचा अंगठा मुठीवरच्या त्या खळग्यात काही नीट बसेना. "बसंल," जुलेखा म्हणाली, "मला बी पाच वर्सं लागली."

संध्याकाळपर्यंत लग्नाचा व्हिडिओ पार तेलगाव लाईनीच्या टोकापर्यंत गेला आणि फोन सुरू झाले. सगळ्यांना विहिणींची जोडी पाहिजे होती. शाईस्ता घाईघाईनं वही घेऊन बसली. पहिल्याच बाईला तिनं नाव विचारायच्या आधी विचारलं, "पोरगी कुठली? दिली कुठं?" तिकडून बाई म्हणाली असावी की भारी चौकस आहेस गं, कारण शाईस्ता खुदकन हसली.

रात्रीचं जेवण व्हायच्या आधी दोघी पाईपांपाशी बसल्या. चिठ्ठ्या काढायच्या नाहीत असं ठरलं. मात्र प्रत्येक खाक्याच्या कोपऱ्यात गाव लिहायचं. जुलेखा सांगत होती, शाईस्ता लिहीत होती. हे कमळ वडवणीचं. ही कुयरी नेकनूरची, ते जावई पळून गेले त्या घरची. तो हत्ती कुणाचा ते आठवेना, तर त्याच्या कोपऱ्यात "अल्ला जाने" असं लिहिलं. शेवटी मोर राहिला. त्याच्यासाठी हैदरनं नवा तुकडा कापून दिला. पाईपाला दोन तोंडं असतात. एका टोपणावर जुलेखानं लिहिलं लिंबागणेश, दुसऱ्यावर तेलगाव.

शाईस्तानं खाका हातात घेतला, बोटानं दोन्ही बाजू चाचपल्या आणि सासूकडे बघितलं. "अम्मी, गुळगुळीत बाजू भायेर ठिवू का खरबरीत?"

जुलेखानं कपातला शेवटचा घोट घेतला.

"तुझ्यासारखी ठेव," ती म्हणाली. "मला माझ्यासारखी लागंल तवा मी उलटी करून घीन."